कोराडीच्या धुराआडून

नागपूरच्या माझ्या मावसभावाने यंदा नवी डिझेल गाडी घेतली आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, की विजेची गाडी शेवटी नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या कोळशावरच चालायची, मग पर्यावरणाचे सोंग कशाला? सगळ्यांनी अंगठे उंचावले. हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि दर वेळी चिडलो आहे.

आपली बहुतांश वीज कोळशाची आहे, हे मान्यच आहे. परंतु स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेने २०२१ मध्ये, बॅटरी बनवण्यापासून गाडी भंगारात जाईपर्यंतचा हिशेब मांडला, तेव्हा भारतातील मध्यम आकाराच्या विजेच्या गाडीचे उत्सर्जन तशाच पेट्रोल गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी निघाले; युरोपात हा फरक ६६ ते ६९ टक्के आहे. म्हणजे कोळशाने फायदा घटतो, संपत नाही. शिवाय कोराडीची ज्यांना एवढी काळजी, त्यांच्यापैकी एकही जण मे २०२३ मध्ये तिथल्या ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांच्या जनसुनावणीकडे फिरकला नव्हता.

मी नॉर्वेतल्या स्टव्हॅन्गरला राहतो. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, हे मी भावाला ऐकवतोच. मात्र माझ्या शेजाऱ्याने ती घेतली ती हिशेब करून. पेट्रोल गाडीवर जबर नोंदणी कर आणि २५ टक्के मूल्यवर्धित कर, तर विजेच्या गाडीला वर्षानुवर्षे दोन्ही माफ होते. वर टोलमध्ये सवलत आणि बसच्या मार्गिकेतून जाण्याची मुभा. ग्राहक नागपूरच्या सीताबर्डीचा असो वा इथला, आधी खिसा चाचपतो. तिकडे ‘एव्हरेज किती देते?’ विचारतात, इकडे ‘हिवाळ्यात रेंज किती?’ पोलाद कोणत्या भट्टीतले, बॅटरीचे सेल कुठे तयार झाले, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. विजेच्या गाड्या बनवणारी इथली ‘थिंक’ कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. आता गाड्या जहाजाने द्रामेनच्या बंदरात उतरतात आणि कारखान्यांचा धूर चीन-जर्मनीत राहतो. नागपूरकराला निदान आपली चिमणी दिसते.

भावाने उलट विचारले, ‘तुझा पगार कुठून येतो?’ समुद्रातल्या तेलातून येतो. हा देश तेल आणि वायू जगाला विकतो आणि स्वतः जलविद्युतवर गाड्या चालवतो. त्या सोयीत मीही सामील आहे. त्याआधीचे माझे शिक्षण कोराडीच्या कोळशावर झाले. वडील त्याच केंद्रात नोकरीला होते, आम्ही वसाहतीत राहत होतो आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे आई राख झटकूनच घडी करत असे. म्हणून धरमपेठेत कूलरच्या गारव्यात बसून कुणी कोराडीला शिवी म्हणून वापरले, की आकडेवारी मी नंतर शोधतो, राग आधी येतो. त्याने डिझेल गाडी खुशाल चालवावी, पैसे त्याचे आहेत. त्यासाठी आमच्या वसाहतीला पुढे करू नये.