'वर'चा खुलासा: नवरा बायकोच्या 'वर' असतो म्हणून वर नाही

नवऱ्याला 'वर' म्हणतात कारण त्याचं स्थान बायकोच्या वर असतं, असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय आणि लोक खरं मानून पुढे पाठवतायत. ही व्युत्पत्ती साफ चुकीची आहे, प्लीज पसरवू नका.

मराठीत दिसायला सारखे पण मुळात वेगळे असे दोन 'वर' आहेत. लग्नातला वर संस्कृत 'वृ' धातूवरून आलाय, अर्थ निवडणं, पसंत करणं. त्याच घरातले शब्द म्हणजे वरणे, स्वयंवर, वरमाला, आणि देव देतो तो वर पण तोच, म्हणजे आपण निवडून मागितलेली गोष्ट. कविवर, मुनिवर मधला 'श्रेष्ठ' हा अर्थही तिथूनच, निवडक म्हणून श्रेष्ठ. आणि स्वयंवरात तर निवड मुलगी करते, मग उंचीचा संबंध आला कुठून?

दिशेचा वर 'उपरि'पासून. प्राकृतात उवरि, मग सुरुवातीचा उ गळाला, जुन्या मराठीत 'वरी' (तयावरी, यावरी) आणि आता वर. हिंदीतलं ऊपर याचंच भावंड.

पटत नसेल तर प्रत्यय लावून बघा ना, 'वराचा भाऊ' आणि 'वरचा मजला'. नाम असलं की वराला, वराचा होतं, दिशा असली की वरचा, वरती, वरून. बोलताना आपण हे कधीच चुकत नाही, म्हणजे हे दोन वेगळे शब्द आहेत हे आपल्या जिभेला आधीपासून माहीत आहे, फक्त मेसेज लिहिणाऱ्याने तिचं ऐकलं नाही.