‘तटस्थ’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

श्री. तटस्थ (खरं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा टोपणनावानंच बोलतो),

प्रतिक्रियेबद्दल आभार. जरा सबुरीनं लिहिली असतीत तर आणखी मानले असते.

माझ्या लेखात माझं म्हणणं एवढंच होतं, की ख्रिस्ती विचारात माणूस आदमाचं पाप घेऊन जन्मतो, म्हणून त्याला तारणारा लागतो. आपल्याकडे तो स्वतःचंच कर्म घेऊन येतो आणि ते त्यालाच फेडावं लागतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की कृपा काही पश्चिमेनं विकत घेतलेली नाही, वैष्णव आचार्य रामानुजांच्या परंपरेतला मार्जारन्याय (मांजर पिल्लाला उचलतं तसा देव भक्ताला आपणहून तारतो, हा दाखला) मी सोयीस्करपणे विसरलो, मूळ पाप नाकारणाऱ्या पेलागियसला गाळलं आणि पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च मूळ पापाकडे (म्हणजे आदमाच्या त्या पापाकडे) ऑगस्टीनसारखं, ज्यानं ही कल्पना ठामपणे मांडली त्या धर्मपंडितासारखं, बघत नाही. वर शेवटी हे वाक्य: ‘असल्या घरबसल्या तुलना करणाऱ्यांनी कधी चर्चची पायरी तरी चढली आहे का?’

चढली आहे, साहेब. माझं बालपण वसईत गेलं. आमच्या भिंतीला लागून ख्रिस्ती कुटुंबाची वाडी होती. नाताळात त्यांच्याकडून फराळ यायचा, दिवाळीत आमच्याकडून जायचा. ‘मिस्सा’ (चर्चमधली उपासना) हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. मराठीतली मिस्सा मागच्या बाकावर बसून ऐकली आहे, उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी शेजारच्या काकूंच्या कपाळावर राखेचा क्रूस पाहिला आहे. माझी आजी माळकरी. तिनं मला तिथं जायला कधी अडवलं नाही, उलट काकू आजारी पडल्या तेव्हा माउलींना साकडं घातलं.

२ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. वर्षभर वाढलेलं गवत उपटून काकूंचा मुलगा आईची कबर धुवायचा, झेंडूची फुलं पसरायचा आणि वाऱ्यानं विझणाऱ्या मेणबत्त्या हाताचा आडोसा करून पुन्हापुन्हा पेटवायचा. तोच मुलगा माझ्या आजीच्या दहाव्याला आमच्याबरोबर घाटावर होता. कावळा शिवेना. वडील एकेक आश्वासन देत होते: धाकट्याचं लग्न लावू, तुझी तुळस सांभाळू. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. कबरीपाशी काकूंचा मुलगा दयेची याचना करत होता आणि घाटावर माझे वडील ऋण फेडत होते. हा फरक मी पुस्तकात नंतर वाचला, आधी पाहिला. तेव्हा ‘घरबसल्या’ हा शब्द तुम्ही कुणासाठी वापरलात याचा विचार करा. तुम्ही स्वतः कुठे बसून लिहिलंत, हे मी विचारलेलं नाही.

आता मार्जारन्याय. रामानुजांच्या परंपरेत दोन शाखा आहेत. त्यांतले वडकलै म्हणतात, माकडाचं पिल्लू जसं आईला घट्ट धरतं तसं भक्तानं देवाला धरावं. तेंकलै म्हणतात, मांजर पिल्लाला स्वतःच तोंडात धरून नेतं, त्यानं काही करायचं नसतं. हे मला ठाऊक नव्हतं असं तुम्ही गृहीत धरलंत. पण मांजरानं उचललेल्या त्या जिवावरही ओझं असतं ते त्याच्याच जन्मोजन्मींच्या कर्माचं, कुणा आदिपुरुषाचं नव्हे. तुकोबा स्वतःला पतित म्हणवतात तेही स्वतःच्या नावावर. कृपा दोन्हीकडे आहे, हे मी कुठे नाकारलं? कृपा कशातून सोडवते, हा माझा प्रश्न होता. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.

एक गोष्ट मान्य. ऑगस्टीनला मी सरसकट ‘पाश्चात्त्य’ म्हटलं. त्याचा जन्म ३५४ सालचा, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातला. तो शब्द मी सैल वापरला. झालं समाधान?

पेलागियसचं काय? तो हरला. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं त्याची मतं धिक्कारली आणि पुढची कित्येक शतकं युरोपानं ऑगस्टीनचंच ऐकलं. परंपरेबद्दल बोलताना मी जिंकलेल्या बाजूबद्दल बोलणार, यात लबाडी कसली?

राहिला ऑर्थोडॉक्सांचा मुद्दा. आदमाकडून मृत्यू आला, अपराध नाही, असं ते मानतात, हे खरंच आहे. पण माझा लेख त्यांच्यावर नव्हता. एका लेखात सगळं जग कोंबायचं असेल तर तुम्हीच लिहा, मी जरूर वाचीन. मूळ लेखातलं आदमाच्या पापाबद्दलचं ते वाक्य आहे तसंच राहील.