पिवळ्या कॅपॅसिटरमागची माणसं

गेल्या आठवड्यात एका कॉलेजच्या मुलीचा लॅपटॉप दुरुस्तीला आला. पूर्ण डेड. बोर्ड बाहेर काढला, मीटर लावला तर पॉवर लाइनवर बीप, म्हणजे कुठेतरी शॉर्ट. थोडा करंट सोडून बघितला, तेव्हा एक पिवळा कॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा बारीक भाग, बोटाला चटका देत होता. हॉट एअरने उचलला, दुसरा बसवला, लॅपटॉप चालू झाला. काम वीस मिनिटांचं. पण तो काढलेला कॅपॅसिटर मी टाकून दिला नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा आहे, काउंटरवर कागदात ठेवलाय. त्याच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

तो टँटलमचा आहे. जागा कमी घेतो, उष्णता सोसतो, वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून फोन-लॅपटॉपवाल्यांना हा धातू लागतो. तो निघतो कोल्टन नावाच्या काळ्या, जड दगडातून. आणि या दगडाचा मोठा साठा आहे पूर्व काँगोत, किवूच्या डोंगरांत.

किवू हे नाव आमच्या घरात नवीन नाही. माझे मामा लष्करात होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर गोमा शहरात राहून आलेत. साताऱ्याकडच्या अनेक घरांतून अशी माणसं तिकडे गेली. येताना मामांनी एक लाकडी खेळणं आणलं. दोन चाकं, मध्ये फळी, पुढे हँडल. त्याला चुकुडू म्हणतात. खरा चुकुडू माणसाएवढा लांब असतो. त्यावर कोळशाची, बटाट्याची पोती लादून माणसं ज्वालामुखीच्या काळ्या दगडांच्या रस्त्यावरून ढकलत नेतात. मामा सांगायचे, "आरं, तिकडं बाया कपाळाला पट्टा लावून पाठीवर पोतं वाहत्यात. चढावर मान अशी ताठ. बघवत न्हाई." एवढं सांगून ते गप्प व्हायचे. पुढचं मी मोठा झाल्यावर वाचलं.

गोमाच्या पश्चिमेला मासिसीच्या डोंगरात रुबाया म्हणून गाव आहे. जगातलं साधारण 15 टक्के टँटलम एकट्या रुबायाच्या परिसरातून येतं. तिथे मोठी यंत्रं नाहीत. फावडं, पहार, कपाळाला बांधलेली बॅटरी, आणि डोंगरात हाताने पोखरलेली बिळं. आधाराला ना खांब, ना तुळई. पावसात दरड आली की आतली माणसं आतच. बाहेर काढलेली माती पाण्यात धुतात, हलकी माती वाहून जाते आणि जड कोल्टन तळाशी उरतं. मग ते पोत्यात भरून डोंगर उतरायचं.

एप्रिल 2024 च्या अखेरीस रुबाया एम23 या बंडखोर गटाच्या हातात गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार या गटाने खाणीवर आणि व्यापारावर कर बसवला. त्यातून महिन्याला किमान 8 लाख डॉलर मिळत होते आणि महिन्याला सुमारे 120 टन कोल्टन सीमेपलीकडे रवांडात जात होतं. तिथल्या मालात ते मिसळलं की पुढे ओळखायचं कसं? रवांडा एम23 ला मदत करत असल्याचं नाकारतो. तज्ज्ञांचे अहवाल मात्र त्याच्या सैन्याचं नाव घेतात. जानेवारी 2025 मध्ये गोमा पडलं, पुढच्याच महिन्यात किवूतलंच बुकावू शहर. ज्या रस्त्यांवर मामांनी गस्त घातली, त्याच रस्त्यांनी बायामाणसं गाठोडी घेऊन पळत होती.

बुकावूतच डॉ. डेनिस मुकवेगे यांचं पांझी रुग्णालय आहे. युद्धात बलात्कार झालेल्या हजारो स्त्रियांवर त्यांनी उपचार केले. काही रुग्ण तर अगदी लहान मुली. 2018 चं शांततेचं नोबेल घेताना त्यांनी भाषणात स्मार्टफोनचं नाव घेतलं आणि ही वस्तू बनताना माणसांनी काय किंमत मोजली याचा क्षणभर विचार करा, असं जगाला सांगितलं. ते भाषण वाचल्यापासून बोर्ड उघडला की माझी नजर आधी त्या पिवळ्या दाण्याकडे जाते.

"मग फोन घेऊच नये का?" असं कोणी विचारेल. माझं मत तसं नाही. तिथल्या खाणमजुराची चूल त्याच मातीवर पेटते. 2010 मध्ये अमेरिकेने कायदा करून कंपन्यांना विचारलं, तुमचं टँटलम, टिन, टंगस्टन, सोनं काँगोतून येतं का ते सांगा. त्याच वर्षी सप्टेंबरात काँगोच्या सरकारनेही पूर्वेकडच्या खाणी सहा महिने बंद ठेवल्या. बंदूकवाले तगले. उपाशी राहिला तो खणणारा. डिसेंबर 2024 मध्ये काँगोने अॅपलच्या उपकंपन्यांविरुद्ध फ्रान्स आणि बेल्जियममध्ये तक्रार केली. अॅपलने आरोप नाकारले आणि पुरवठादारांना काँगो आणि रवांडा या दोन्ही देशांतून खनिज घेणं थांबवायला सांगितल्याचं म्हटलं. मला हे पटत नाही. इतकी वर्षं तिथला माल जगाने वापरला आणि आता हात झटकून निघून जायचं? चांगला गिऱ्हाईक गेला की मजुरापुढे तस्कर तेवढा उरतो.

माल कुठल्या खाणीतला ते कळावं म्हणून पोत्यांना टॅग लावायची पद्धतही आहे. पण टॅग पोत्याला असतो. आत कुठल्या डोंगराची माती आहे हे टॅग लावणाऱ्याच्या इमानावर ठरतं, आणि तो ज्या गावात उभा आहे तिथे बंदुकीचं राज्य आहे.

आता आपल्याबद्दल. आपण नुसते गिऱ्हाईक राहिलेलो नाही. तामिळनाडू-कर्नाटकात जोडलेले फोन जगभर जातात, त्याचा मला अभिमान वाटतो. पण अमेरिकेने 2010 मध्ये कायदा केला, युरोपात 2021 पासून आयातदारांवर बंधन आलं. काँगोच्या खनिजाबद्दल असा सक्तीचा खास कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा. खाण कुठली, धातू वितळवला कोणी, मजुराला काय मिळालं, हे जाहीर करणं बंधनकारक हवं. आपल्या देशाचे जवान तिथे शांततेसाठी जातात, काहींचा तिथेच जीव गेला. 2022 मध्ये पूर्व काँगोतल्या बुटेम्बो शहरात सीमा सुरक्षा दलाचे दोघे शहीद झाले. त्या मातीवरचा माल विकत घेताना एवढी चौकशी करणं आपल्याला जड जाऊ नये.

मी माझ्यापरीने सुरुवात केलीय. दुकानात ज्या ब्रँडचे फोन जास्त येतात, त्यांच्यापैकी एकाला मेल करून विचारलं, तुमचं टँटलम कुठल्या खाणीतलं? तीन आठवड्यांनी धोरणाची एक लिंक आली. त्यात खाणीचं नाव नव्हतं. काल रात्री परत लिहिलंय, या वेळी त्या कॅपॅसिटरचा फोटो जोडून.