शपथ झाली, आता शत्रू निवडा

अभिनंदन! उजवा हात वर करून शपथ घेतलीत, छोटा झेंडा फडकवलात, पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढलेत आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला परतताना गाडीतच ‘सुटलो एकदाचे व्हिसाच्या कटकटीतून’ म्हणत पेढ्यांचा पुडा फोडलात. सगळं यथासांग पार पडलं. त्या गडबडीत एक वाक्य मात्र तुमच्या कानावरून गेलं असणार. ‘देशाबाहेरच्या आणि देशातल्या सर्व शत्रूंपासून’ अमेरिकेच्या राज्यघटनेचं रक्षण करीन, असं तुम्ही चारचौघांत कबूल करून बसला आहात. आता हे शत्रू कोण? आपल्याकडे लग्न ठरलं की मानपानाची यादी होते, वाणसामानाची यादी होते. इथे एवढी मोठी जबाबदारी गळ्यात घातली आणि यादीच हातात दिली नाही.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी घोकलं होतंत त्यावर विसंबू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका कोणाशी लढली? जपान, जर्मनी आणि इटली. परीक्षेत या उत्तराला मार्क मिळतात, बाहेर मिळत नाहीत. त्या तिन्ही देशांत अमेरिकी फौजा आजही मुक्कामाला आहेत, घरच्यासारख्या. आणि त्याच युद्धात बाजूला उभं राहून लढणारा रशिया पुढे चाळीस वर्षं आणि नंतर अधूनमधून काय झाला, ते तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा यादी स्वतःच करायची आहे, आणि लवकर करायची आहे, कारण फोन येऊ शकतो. दर फेब्रुवारीत गॅलप ही संस्था हजारभर अमेरिकनांना विचारते, अमुक देशाबद्दल तुमचं मत चांगलं की वाईट? मधूनमधून हेही विचारते की अमेरिकेचा सगळ्यात मोठा शत्रू कोण. त्या हजारांत तुमचा नंबर लागला आणि तुम्ही ‘तसं बघायला गेलं तर दोन्ही बाजूंनी...’ अशी सुरुवात केलीत, तर अख्ख्या मराठी मंडळाची अब्रू जाईल.

या कामात नकाशा अजिबात उघडायचा नाही. २०१४ च्या मार्चमध्ये, रशियानं युक्रेनचा क्रिमिया गिळल्यावर, तीन राज्यशास्त्रज्ञांनी २,०६६ अमेरिकनांसमोर जगाचा नकाशा ठेवला आणि म्हटलं, युक्रेन दाखवा. साधारण सहांतल्या एकाला जमलं. रांगेत मधोमध उभ्या असलेल्या माणसाचं बोट १,८०० मैलांनी, म्हणजे जवळजवळ २,९०० किलोमीटरनी चुकलं होतं. मुंबई दाखव म्हटल्यावर तेहरानच्या आसपास बोट टेकवावं, तसं. पश्चिमेला पोर्तुगाल, पूर्वेला कझाकस्तान, वर फिनलंड, खाली सुदान, यांच्या मधे कुठेतरी युक्रेन असावा असा एकंदर अंदाज निघाला. इथवर हसून सोडून देता आलं असतं. पण ज्याचं बोट जितकं लांब पडलं, तितका तो ‘अमेरिकेनं तिथे सैन्य घुसवावं’ या बाजूला झुकलेला निघाला. यातलं मर्म ओळखा. देश सापडला की माणूस हळवा होतो. शेजारी कोण, मधे नदी कुठली, हिवाळा केवढा, हे दिसायला लागतं आणि तोंडातून ‘बघू, जरा थांबू’ अशी मिळमिळीत उत्तरं निघतात. दहावीला ‘नकाशा भरा’मध्ये तुम्हाला पैकीच्या पैकी होते, मला कल्पना आहे. कोणाला सांगू नका.

खरं म्हणजे देश असलाच पाहिजे असंही नाही. २०१५ च्या डिसेंबरात पब्लिक पॉलिसी पोलिंग या संस्थेनं मतदारांना विचारलं, अग्राबावर बॉम्ब टाकावेत का? रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक फेरीतले ३० टक्के मतदार म्हणाले, टाका. १३ टक्के म्हणाले, नको. अग्राबा हे डिस्नेच्या ‘अलादीन’ या कार्टूनपटातलं काल्पनिक गाव आहे. तिथे एक राजकन्या, एक माकड आणि एक उडता गालिचा एवढीच संरक्षणसिद्धता. तुम्ही डेमोक्रॅट असाल तर लगेच गालातल्या गालात हसू नका. तुमच्यातले १९ टक्के बॉम्बच्या बाजूनं होते आणि ३६ टक्के विरोधात. म्हणजे त्या ३६ टक्क्यांनीही नसलेल्या गावाबद्दल ठाम भूमिका घेतलीच. शांततावाद्यांना नकाशा येतो असा समज कोणी करून घेऊ नये.

नावांची सरमिसळ झाली तर घाबरू नका, ध चा मा करायला पेशवाईच लागते असं थोडंच आहे! २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले, ते ठेवणारे दोघे भाऊ मूळचे चेचेन निघाले, आणि वॉशिंग्टनमधल्या झेक राजदूतांना खास निवेदन काढून सांगावं लागलं की रशियातलं चेचन्या आणि झेक प्रजासत्ताक या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. झेक प्रजासत्ताक नाटो या लष्करी आघाडीत आहे, म्हणजे मित्र आहे. मित्रानं सही-शिक्क्यानिशी ‘तो मी नव्हेच’ म्हणून लिहून द्यायचं, याला मैत्री म्हणतात.

वड्याचं तेल वांग्यावर काढायची कलाही शिकून घ्या. ११ सप्टेंबरच्या १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ जण सौदी अरेबियाचे होते, इराकी एकही नव्हता. तरी २००३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन पोस्टनं विचारलं तेव्हा १०० पैकी ६९ जणांना त्या हल्ल्यात सद्दाम हुसेनचा स्वतःचा हात असणं शक्य वाटत होतं. तोवर बगदाद पडून चार महिने झाले होते.

आता मित्रांकडे वळू. मित्राला धडा कसा शिकवायचा, हे फ्रान्सच्या उदाहरणावरून नीट समजतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात आरमार घेऊन धावून आलेला हा देश. न्यू यॉर्कच्या बंदरात मशाल घेऊन उभी आहे ती बाईही त्यांचीच भेट. २००२ च्या फेब्रुवारीत गॅलपच्या मोजणीत १०० पैकी ७९ अमेरिकनांना फ्रान्स आवडत होता. मग फ्रान्स म्हणाला, इराकवर हल्ला नको. २००३ च्या मार्चमध्ये आकडा ३४ वर आला. नावडतीचं मीठ अळणी असतं, इथे नावडतीचा बटाटाच परका झाला. लोकांनी फ्रेंच वाइन गटारात ओतली, अर्थात आधी पैसे मोजून. आणि संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांत फ्रेंच फ्राइजचं नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’ झालं, टोस्टचंही तेच. फ्राइज मुळात बेल्जियमच्या, असं पुष्कळ जण मानतात. पण देशभक्तीच्या ऐन भरात पाककृतीचं मूळ कोण शोधत बसतो? २००६ मध्ये जुनी नावं गुपचूप परत आली. आणि हा काही नवा शोध नव्हता. पहिल्या महायुद्धात जर्मन सावरक्राउटला म्हणजे आंबवलेल्या कोबीला ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणत. तेव्हा शत्रू बदलला की फ्रिजमधले डबे एकदा तपासत चला. उद्या कोणाशी बिनसेल आणि तुमच्या बटाटावड्याला काय नाव पडेल, सांगता येत नाही.

वैर धरायचं तर घट्ट धरा, पण सोडायचीही तयारी ठेवा. २०१८ च्या फेब्रुवारीत ५१ टक्के अमेरिकनांनी उत्तर कोरियाला सर्वांत मोठा शत्रू ठरवलं होतं. जूनमध्ये सिंगापूरला ट्रम्प आणि किम जोंग उन यांनी हस्तांदोलन केलं, पुढे ट्रम्प जाहीर सभेत म्हणाले की त्यानं सुंदर पत्रं लिहिली आणि आम्ही प्रेमात पडलो. पुढच्या फेब्रुवारीत उत्तर कोरियाचा आकडा १४. अणुबॉम्ब जिथल्या तिथे होते. आपल्याकडे सासू-सुनेचा समेट व्हायला याहून जास्त वेळ लागतो. उलट मिट रॉम्नी यांच्याकडे बघा. २०१२ मध्ये, ओबामांविरुद्ध अध्यक्षपदाच्या शर्यतीत असताना, ते रशियाला पहिल्या क्रमांकाचा प्रतिस्पर्धी म्हणाले, तर ओबामांनी वादसभेत त्यांची टर उडवली, की १९८० चं दशक आपलं परराष्ट्रधोरण परत मागतंय. दीड वर्षात क्रिमिया गेला. रॉम्नी यांचा शत्रू बरोबर होता हो, मुहूर्त चुकला.

सगळ्यांत अवघड प्रकरण कॅनडाचं. इतका शांत शेजारी की त्याच्यावर रागवायचं तर आधी कारण शोधावं लागतं. २०१८ मध्ये कॅनडाच्या पोलादावर आणि ॲल्युमिनियमवर जकात बसवली, ती १९६२ च्या एका कायद्यातल्या राष्ट्रीय सुरक्षेच्या कलमाखाली. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी फोनवर विचारलं, आम्ही कसले धोकादायक? तेव्हा ट्रम्प यांनी विचारल्याची बातमी आली की व्हाइट हाऊस तुम्हीच जाळलं होतंत ना? ते १८१४ साली ब्रिटिश सैनिकांनी जाळलं होतं, आणि कॅनडा देश म्हणून उभा राहिला १८६७ मध्ये. पण बांधाच्या भांडणात सातबारा कोण वाचतो! २०२५ मध्ये पुन्हा जकात लागली, या वेळी कारण फेंटानिल नावाचं जीवघेणं ड्रग. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॅनडाच्या हद्दीवर पकडलेलं फेंटानिल होतं ४३ पौंड, म्हणजे वीस किलोच्या आत. विमानात आपल्याला एका बॅगेत २३ किलो नेता येतं आणि आपली आई त्यातही ‘अजून एक पुडा बसेल’ म्हणते. ड्रग म्हणून वीस किलो भयंकर आहे, ते मी नाकारत नाही. पण मेक्सिकोच्या हद्दीवर त्याच वर्षी सुमारे २१,००० पौंड पकडलं गेलं. एवढं होऊनही कॅनडाला मित्रांच्या यादीत ठेवायचं की शत्रूंच्या? दोन्हींत ठेवा. कॅनडाच्या लोकांनी अमेरिकेबाबत हेच केलंय.

धोका फक्त सीमेवर असतो असं समजू नका. स्वयंपाकघरात जा. २०२३ च्या डिसेंबरात फ्लोरिडाचे सिनेटर रिक स्कॉट यांनी चिनी लसणाची राष्ट्रीय सुरक्षेच्या अंगानं चौकशी करा म्हणून सरकारला लिहिलं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून बाहेरून येणारे सोफे आणि स्वयंपाकघरातली कपाटं यांच्यावर त्याच सुरक्षेच्या कलमाखाली जकात आहे. म्हणजे परदेशी सोफ्यावर बसून तुम्ही लसणाची चटणी वाटत असाल, तर शपथेचं काय केलंत, ते एकदा स्वतःला विचारा. आकाशाकडे लक्ष ठेवलंत तरी चालेल, बंदूक मात्र आत ठेवा. २०२३ मध्ये हेरगिरीचा संशय असलेला चिनी फुगा अमेरिकेवर साठ हजार फुटांवरून चालला होता तेव्हा दक्षिण कॅरोलायनातल्या यॉर्क काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला लोकांना बजावावं लागलं होतं, कृपया त्यावर गोळी झाडू नका.

मित्रांचे उपकार मात्र पटकन विसरा, मन हलकं राहतं. एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, हे नाटोचं पाचवं कलम आजवर एकदाच लागू झालंय, आणि ते अमेरिकेसाठी, ११ सप्टेंबरनंतर. डेन्मार्क हा साठ लाखांच्या आसपास वस्तीचा देश. त्याचे ४३ सैनिक अफगाणिस्तानात गेले ते परतले नाहीत. आता अमेरिकेच्या सुरक्षेसाठी ग्रीनलंड हवं आहे, आणि ते त्यांच्याकडे आहे. अवघड जागचं दुखणं.

एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नकाशावर न सापडणारा शत्रू रस्त्यावर मात्र लोकांना पटकन सापडतो. १५ सप्टेंबर २००१ ला ॲरिझोनातल्या मेसा गावात पेट्रोलपंपाच्या मालकाला, पगडी आणि दाढी बघून, एकानं गोळ्या घातल्या. मालक पंजाबी शीख होते, पंपाबाहेर झाडं लावत होते. तुम्ही मराठी आहात, पगडी घालत नाही, मिशीही परवाच काढलीत, हे सगळं खरं. गोळी घालणारा आधी गॅलपला विचारून येत नाही.

म्हणून भारताचा प्रश्न आला की सावध राहा. बरीच वर्षं अमेरिकनांचं भारताबद्दल मत चांगलं आहे, आणि आपण त्या आकड्याला आपली वैयक्तिक कमाई समजून मिरवलं. १९७१ मध्ये अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं होतं, ते आपल्या वडिलांना आठवतं, आपल्याला ह्यूस्टनचा ‘हाउडी मोदी’ आठवतो. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावर ५० टक्के जकात लागली, त्यातली निम्मी रशियाचं तेल घेतल्याची शिक्षा म्हणून, आणि सप्टेंबरात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलर. तुमच्या धाकट्या भावाचा अर्ज त्याच वेळी भरायचा होता ना?

तर फोनवरची बाई विचारेल, भारताबद्दल तुमचं मत चांगलं आहे की वाईट? छातीत काहीतरी हलेल, हलू द्या. वडाळ्याच्या चाळीचा जिना, आजीचं स्वयंपाकघर, भावाचा चिडलेला व्हॉट्सॲप मेसेज, सगळं डोळ्यांपुढे येईल. घाई करू नका. एक मोठा श्वास घ्या आणि शांतपणे तिला विचारा, ‘इंडिया? तो नेमका कुठे आला हो?’

ती पुढच्या देशाकडे वळेल.