‘लागू असेल तेव्हा’

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयची नोंदणी ना-नफा संस्था म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये डेलावेअर राज्यात झाली. त्या नोंदणीपत्रात एक वाक्य आहे. तयार होणाऱ्या तंत्रज्ञानाचा लाभ जनतेला होईल आणि संस्था ते, ‘लागू असेल तेव्हा’, सर्वांसाठी खुलं करण्याचा प्रयत्न करेल, असा त्याचा अर्थ. कुणाच्याही खाजगी फायद्यासाठी ही संस्था नाही, असंही तिथे लिहिलंय. इलॉन मस्क विरुद्ध ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन या खटल्याच्या हजारो पानांपेक्षा ते ‘लागू असेल तेव्हा’ मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या ट्रस्ट डीडमध्ये ‘विश्वस्तांना योग्य वाटेल त्याप्रमाणे’ असतं ना, त्याचंच हे अमेरिकी भावंड. वकील ते सवयीने घालतो, संस्थापक न वाचता सही करतात आणि दहा वर्षांनी त्याच तीन शब्दांवरून कोर्टात उभे राहतात.

मस्क ओपनएआयच्या सहसंस्थापकांपैकी एक. त्यांनी सुरुवातीच्या वर्षांत सुमारे चार कोटी डॉलर दिले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये संचालक मंडळ सोडलं. २०१९ मध्ये ओपनएआयने पोटात एक नफा कमावणारी कंपनी काढली. पहिल्या गुंतवणूकदारांना जास्तीत जास्त शंभरपट परतावा मिळेल, अशी मर्यादा तिला घातली. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १ अब्ज डॉलर घातले आणि पुढे हा आकडा १३ अब्जांच्या आसपास गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मस्क यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या राज्य न्यायालयात दावा लावला, जूनमध्ये मागे घेतला आणि ऑगस्टमध्ये फेडरल कोर्टात नव्याने घातला. तो ओकलंडला न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांच्यापुढे गेला. धर्मादाय हेतूने घेतलेला पैसा खाजगी फायद्याकडे वळवला, हे तक्रारीचं सार.

भारतात याची चर्चा दोन सुरांत होते. एक सूर म्हणतो, दोन अब्जाधीशांचं भांडण आहे, आपल्याला काय त्याचं. दुसरा म्हणतो, अमेरिकेत कायदा कडक, म्हणून निदान खटला तरी उभा राहतो. आपल्याकडे शिक्षणसंस्था डोळ्यांदेखत घराण्यांच्या होतात आणि कुणी विचारत नाही. पहिल्या सुराला उत्तर द्यायची गरज नाही. दुसरा मात्र तपासून पाहावा, कारण दोन्हीकडचे कायदे शेजारी ठेवले की चित्र बरंच उलटं दिसतं.

कॅलिफोर्नियात धर्मादाय संस्थेने ध्येय सोडलं म्हणून दावा कोण लावू शकतो? राज्याच्या कॉर्पोरेशन कायद्याच्या कलम ५१४२ मध्ये यादी आहे: संस्था स्वतः किंवा तिच्या वतीने सदस्य, पदाधिकारी, संचालक, मालमत्तेत करारान्वये किंवा परतीचा हक्क असलेली व्यक्ती आणि अॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य सरकारी वकील) किंवा त्यांनी परवानगी दिलेला माणूस. नुसता देणगीदार या यादीत नाही. माजी संचालकही नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने टर्नर विरुद्ध व्हिक्टोरिया प्रकरणात दावा चालू असताना पद गेलेल्या संचालकाला तो पुढे चालवू दिला, पण दावा लावताना पद असावंच लागतं. मस्क यांनी २०१८ मध्येच पद सोडलेलं. त्यामुळे त्यांना आपला पैसा अटी घालून दिला होता, म्हणजे तो विश्वस्त निधीच होता, हे ईमेलांवरून सिद्ध करण्याच्या वाटेने जावं लागलं. मार्च २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ओपनएआयचं नफ्यातलं रूपांतर थांबवणारी अंतरिम मनाई नाकारली. ईमेल आणि समाजमाध्यमांवरचा मजकूर मिळून करार किंवा ट्रस्ट होतो का, याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल, असा त्यांचा रोख होता.

त्या ईमेलांत एक छोटी गोष्ट आहे. जानेवारी २०१६ मध्ये सहसंस्थापक इल्या सुत्स्केव्हर यांनी लिहिलं की, प्रगती वाढत जाईल तसं कमी उघड करणं शहाणपणाचं ठरेल. ‘ओपन’चा अर्थ फळ सर्वांना मिळणं, शास्त्र सर्वांना देणं नव्हे. मस्क यांचं उत्तर एका शब्दाचं: ‘यप’. ओपनएआयने २०२४ मध्ये हा ईमेल स्वतःहून प्रसिद्ध केला. संस्थेच्या ध्येयावरचा सर्वात महागडा होकार म्हणून याची नोंद व्हावी. (मस्क यांची स्वतःची एआय कंपनी एक्सएआय नेवाडात सार्वजनिक हिताची कंपनी म्हणून नोंदली गेली होती आणि २०२४ मध्ये तो दर्जा सोडूनही मोकळी झाली, हेही जाता जाता.)

दावा लावण्याच्या मुदतीचं कलम हा दुसरा अडसर. कॅलिफोर्नियात फसवणुकीच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. नफ्याची कंपनी २०१९ मध्ये उघडपणे निघाली आणि दावा २०२४ मध्ये आला. कळलं केव्हा, हाच मग वादाचा मुद्दा होतो. संस्था चुकीच्या दिशेला जाते आहे असं ज्याला वाटतं त्याने पहिल्या वर्षीच लेखी हरकत घेतली नाही, तर पाचव्या वर्षीच्या संतापाला कोर्टात फार किंमत नसते.

अमेरिकेत खरा अधिकार असतो तो राज्यांच्या अॅटर्नी जनरलना, आणि ते निवडून आलेले असतात. ओपनएआयच्या पुनर्रचनेला त्यांनी हात लावला तो असा: त्यांच्याशी बोलणी झाल्यावर मे २०२५ मध्ये संस्थेने जाहीर केलं की नियंत्रण ना-नफा संस्थेकडेच राहील. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी रचना पूर्ण झाली तेव्हा फाउंडेशनकडे सुमारे २६ टक्के, मायक्रोसॉफ्टकडे सुमारे २७ टक्के आणि बाकीचं कर्मचारी व गुंतवणूकदारांकडे होतं. डेलावेअरच्या कॅथी जेनिंग्ज आणि कॅलिफोर्नियाचे रॉब बॉन्टा यांनी अटी घालून हरकत घेतली नाही. कॅलिफोर्नियाला असा अनुभव आधीही आहे. ब्लू क्रॉस ऑफ कॅलिफोर्निया ना-नफा विमा संस्थेतून १९९६ मध्ये नफ्यात गेली तेव्हा ३ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दोन नव्या आरोग्य फाउंडेशनांकडे वळवावी लागली. त्यामुळे इथला प्रश्न बहुतेक वेळा किमतीचा होतो: जनतेचा वाटा किती? ध्येय टिकलं का, हा प्रश्न किमतीच्या मागे उभा राहतो. मला ही इथल्या पद्धतीची मोठी उणीव वाटते.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या, म्हणजे जुन्या १९५० च्या मुंबई कायद्याच्या, कलम ५० खाली दोन किंवा अधिक हितसंबंधी व्यक्ती धर्मादाय आयुक्तांच्या लेखी संमतीने दावा लावू शकतात. त्यात लाभार्थीही येऊ शकतात. म्हणजे संस्थेच्या सेवेवर जगणारी माणसंही दार ठोठावू शकतात. एवढी रुंद पायरी कॅलिफोर्नियाने ठेवलेली नाही. दार उघडायला लागणारा वेळ हा वेगळा विषय. वर्षानुवर्षं पडून राहिलेले चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त वगैरे बदलल्याच्या नोंदीचे अर्ज, ज्यांनी पाहिलेत त्यांना तो समजावायला नको.

पण आपल्या कायद्याची नजर जमिनीवर खिळलेली आहे. कलम ३६ म्हणतं की स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस, शेतजमिनीचा दहा वर्षांपेक्षा आणि इतर जागेचा तीन वर्षांपेक्षा जास्तीचा भाडेपट्टा, हे आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. ट्रस्टची पडीक गाळ्याची जागा पाच वर्षांच्या भाड्याने द्यायची तर अर्ज. मात्र त्याच ट्रस्टने दहा वर्षांत जमवलेला मराठी बोलींचा ध्वनिसंग्रह, त्यावर शिकवलेलं मॉडेल, सोर्स कोड आणि संस्थेचं नाव कुणाच्या खाजगी कंपनीला परवान्याने दिलं, तर कलम ३६ हलतही नाही. विश्वस्तांवर गैरव्यवहाराची कारवाई होऊ शकते, पण ती गोष्ट हातातून गेल्यानंतर. कॅलिफोर्नियात सगळी किंवा जवळपास सगळी मालमत्ता द्यायची असेल, मग ती जमीन असो की सॉफ्टवेअर, तर वीस दिवस आधी अॅटर्नी जनरलना लेखी कळवावं लागतं. आपल्याकडे स्थावर या शब्दाबाहेर पाऊल टाकणारी दुरुस्ती हवी. चर्चा व्हायची तर याची व्हावी.

ओपनएआयसारखी मांडणी भारतात का जमत नाही, हेही सांगायला हवं, कारण ‘आपणही सेक्शन ८ (ना-नफा कंपनी) काढू आणि खाली प्रायव्हेट लिमिटेड ठेवू’ असा सल्ला सर्रास दिला जातो. आयकर कायदा धर्मादाय संस्थेला पैसे कुठे गुंतवायचे याची यादी देतो आणि खाजगी कंपनीचे शेअर त्या यादीत नाहीत. ते धरून ठेवले तर करसवलतच जाऊ शकते. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर ट्रस्टांकडे आहेत, कारण ते जुने आहेत. १९७३ च्या आधीच्या मूळ निधीतल्या शेअरांना कायद्याने वेगळं ठेवलंय. नव्याने कुणी तसं करू पाहील तर ती पळवाट मिळत नाही. रूप बदलून नफ्यात जायचं म्हटलं तर २०१६ पासून निव्वळ मालमत्तेच्या बाजारभावावर कमाल दराने कर बसतो. अमेरिकेत अब्जांच्या वाटाघाटीने जे ठरलं, ते भारतात कराचा आकारणी अधिकारी ठरवेल. मला हे वाईट वाटत नाही.

खरा कळीचा मुद्दा मात्र पगाराचा आहे आणि तिथे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, राहणाऱ्या आमच्यासारख्यांचं मत भारतातल्या घरच्यांशी जुळत नाही. ना-नफा संस्था वाजवी पगार देऊ शकते, शेअर देऊ शकत नाही. ज्या इंजिनियरला गल्लीपलीकडची कंपनी दर तिमाहीला शेअर देते, त्याला सेवाभाव सांगून थांबवणं फार दिवस चालत नाही. संगणनाचा खर्च आणि माणसं, या दोन कारणांनी ओपनएआयची २०१९ ची कंपनी निघाली. घरून येणारं उत्तर ठरलेलं: पगार कमी घ्या, ध्येय टिकेल. ते उत्तर पुण्यात तपासून झालंय. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षं दरमहा ७५ रुपयांवर काम करायला बांधलेले होते. तरी वाद पेटला तो बाहेरची कमाई आणि बाहेरची कामं यावरूनच. वरची मिळकत संस्थेला द्यावी, असं टिळकांचं म्हणणं. बहुमत त्यांच्या विरुद्ध गेलं आणि १८९० मध्ये लांबलचक राजीनामा लिहून ते बाहेर पडले. आगरकर, गोखले संस्थेत राहिले आणि फर्ग्युसनही टिकलं. कोण बरोबर होतं, यावर आजही पुण्यात दोन मतं सापडतील. संस्था कुणाची, हे मात्र उरलेल्यांनी ठरवलं.

परदेशात राहून इथल्या किंवा भारतातल्या ना-नफा संस्थांना पैसे देणाऱ्यांसाठी तीन बारीक गोष्टी. डोनर-अॅडव्हाइज्ड फंडातून, म्हणजे देणग्यांसाठी मध्यस्थ संस्थेकडे ठेवलेल्या निधीतून, देणगी दिली तर तो पैसा कायद्याने तुमचा उरत नाही, तुम्ही फक्त शिफारस करता. मस्क यांचा बराच पैसा अशाच फंडातून आला, तेव्हा अट घालणारे ते कोण, असा ओपनएआयचा युक्तिवाद होता. अट घालायची असेल तर स्वतःच्या नावाने द्या, आणि पावतीवर नको, सहीच्या देणगी-करारात घाला: कोड कोणत्या परवान्याखाली खुला राहील, तो बदलायचा तर किती दिवस आधी कळवायचं, ध्येय बदललं तर उरलेली रक्कम कोणत्या दुसऱ्या संस्थेला जाईल. असा करारातला किंवा परतीचा हक्क असेल तरच, कॅलिफोर्नियातल्या संस्थेपुरतं, देणगीदार म्हणून कलम ५१४२ च्या यादीत तुम्ही बसू शकता. आणि भारतातल्या संस्थेला द्यायचं तर पासपोर्ट पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्याची बँकेतून गेलेली देणगी परकीय धरली जात नाही. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी अमेरिकी नागरिकाची धरली जाते, आणि मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक शाखेतलं खातं लागतं. २०२० पासून तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे ‘ध्येय बदललं तर अमुक संस्थेला द्या’ हे वर लिहिलेलं कलम अशा पैशाला चालणार नाही. त्याऐवजी टप्प्याटप्प्याने देण्याची सोय करा, पहिला टप्पा हिशेबासकट आला की दुसरा.