‘ब्राउझरची सिक्युरिटी बंद करा’ या मेसेजला उत्तर

शाळा सुरू झाल्या की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा एकाच दिवशी तो मला तीन ग्रुपांवर आला, एकदा तर ‘खूप उपयोगी, सेव्ह करून ठेवा’ अशी शिफारस लावून. मजकूर थोडक्यात असा: ऑफलाइन धडे किंवा प्रश्नमंजुषेची एचटीएमएल फाइल (ब्राउझरमध्ये उघडणारं पान) उघडत नसेल तर घाबरू नका. फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे, त्यामुळे धोका काही नाही; नवे ब्राउझर सगळ्याच फाइली उगाच अडवतात. क्रोमच्या शॉर्टकटमध्ये ‘डिसेबल वेब सिक्युरिटी’ जोडा. अँटिव्हायरस बंद करा. तरी नाही चाललं तर जुना ब्राउझर टाका, त्यात सगळं चालायचं. सर्व्हरच्या भानगडीत पडू नका, त्याला नेट लागतं आणि पैसे लागतात.

शाळांच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळणं हे माझं रोजचं काम. या मेसेजमधली शॉर्टकटची युक्ती कधी कधी चालते, हे आधीच कबूल करतो. चालते म्हणून तर तो पुढे जातो. बाकीचं एकेक करून बघू.

‘फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर आहे, मग धोका कसला?’ सगळा घोळ इथून सुरू होतो. फाइल आपल्या डिस्कवर आहे एवढंच ब्राउझरला दिसतं. ती तुम्ही लिहिली, पेनड्राइव्हवरून आली, की कुणीतरी मेसेजमधून पाठवली, हे त्याला कळायचा मार्ग नाही. आता समजा, डाउनलोड फोल्डरमधल्या एका एचटीएमएल फाइलला शेजारच्या फाइली वाचायची मुभा आहे. त्या फोल्डरात आपलं काय काय पडलेलं असतं ते आठवा: आधारची पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट, पगारपत्रक. पान उघडल्या उघडल्या त्यातला कोड हे वाचून बाहेर पाठवू शकतो. तुम्हाला पडद्यावर दिसेल फक्त ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’.

हे भीती घालायला रचलेलं उदाहरण आहे असं वाटत असेल तर २०१९ सालची गोष्ट ऐका. तोवर फायरफॉक्स एका फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींना एकाच घरच्या समजत असे. एका फाइलला शेजारची आणि आतल्या फोल्डरांतली फाइल वाचता यायची, फक्त तिचं नाव माहीत हवं. मग एका लोकप्रिय अँड्रॉइड मेसेजिंग ॲपचा आधार घेऊन ही वाट किती उघडी आहे ते दाखवण्यात आलं. ते ॲप आलेल्या फाइलींना ठरावीक पद्धतीची, अंदाज बांधता येण्यासारखी नावं देत असे. कुणी पाठवलेली एचटीएमएल फाइल तुम्ही फायरफॉक्समध्ये उघडली, की तिला तुम्हाला इतरांकडून आलेल्या फाइली वाचता येत होत्या. जुलै २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६८ ने हे दार बंद केलं आणि डिस्कवरची प्रत्येक फाइल वेगळ्या घरची धरायला सुरुवात केली. क्रोम तर त्याच्या कितीतरी आधीपासून तसंच वागत होता. म्हणजे मेसेज ज्याला ‘उगाच अडवणं’ म्हणतो, त्याच्यामागे हे आहे. आणि तो मेसेजही आपल्याला ॲपवरच आलेला असतो, ही गंमत वेगळीच.

यामागचा मूळ नियम जुना आहे, १९९५-९६ मधल्या नेटस्केप या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळातला. एका साइटवरच्या कोडने दुसऱ्या साइटचा मजकूर वाचायचा नाही. ‘साइट एकच’ कधी म्हणायची? तर पत्त्याची सुरुवात (एचटीटीपी की एचटीटीपीएस), यजमानाचं म्हणजे साइटचं नाव आणि पोर्ट (पत्त्यातला कोलननंतरचा आकडा) हे तिन्ही जुळले तर. डिस्कवरच्या फाइलला यजमानाचं नावच नसतं, म्हणून ब्राउझर तिचा उगम ‘नल’ म्हणजे शून्य असा मांडतो, आणि दोन शून्यं एकमेकांशी जुळली असं तो मानत नाही.

‘नवे ब्राउझर सगळ्याच फाइली अडवतात’ हेही खरं नाही. पानातली चित्रं, रंगसंगतीची सीएसएस, साधी जोडलेली जावास्क्रिप्ट (पान चालवणारा कोड) हे सगळं डबल क्लिक करून उघडलं तरी नीट येतं. अडतं ते पानातल्या कोडने दुसरी फाइल वाचायला मागितली की. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची विज्ञानाची सिम्युलेशन्स बघा. त्यातली बरीच मराठीतही आहेत. एचटीएमएलमधलं सिम्युलेशन डाउनलोड केलं की एकच फाइल हाती येते, चित्रं आणि कोड सगळं तिच्याच पोटात. शेजारची फाइल मागायचीच नाही, त्यामुळे अडवणूक नाही. कुठल्याही लॅबमध्ये, नेट काढून टाकून, कोणतीही सेटिंग न बदलता ती चालतात.

याउलट गेल्या महिन्यातली एक प्रश्नमंजुषा. पाचवीची. पान उघडलं, शीर्षक आलं, मोराचं चित्रही आलं, पण प्रश्नांच्या जागी नुसतं चक्र फिरत राहिलं. बाई म्हणाल्या, ‘सर, ब्लॉक झालंय.’ मी एफ १२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका लिहून दाखवतो ती जागा, उघडला. तिथे लाल अक्षरात स्पष्ट लिहिलेलं होतं की ‘नल’ उगमाच्या पानाने प्रश्नांची जेसन फाइल (नुसती माहिती साठवणारी वेगळी फाइल) मागितली आणि ती विनंती अडवली गेली. निदान व्हायला अर्धा मिनिट लागला. मेसेजात या एफ १२ चा उल्लेखसुद्धा नाही, आणि माझा त्याच्यावर सर्वांत मोठा राग तोच आहे. दुखतंय कुठे ते न बघता थेट भूल द्यायची.

कारण ‘ब्लॉक झालंय’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळे आजार येतात. मला सर्वांत जास्त सापडतो तो झिपचा. फाइल झिपमध्ये आलेली असते, विंडोज ती फोल्डरसारखी उघडून दाखवतं, आणि मंडळी आतल्या आतच एचटीएमएलवर डबल क्लिक करतात. विंडोज तेवढी एकच फाइल टेम्प फोल्डरमध्ये काढून ब्राउझरला देतं. चित्रं, कोड, आवाज सगळं झिपमध्येच राहतं. पान उघडं-बोडकं दिसतं आणि दोष सिक्युरिटीवर जातो. ॲड्रेस बारमध्ये ‘टेम्प’ दिसलं की समजायचं. झिपवर राइट क्लिक, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, संपलं.

दुसरा आजार विंडोजच्या शिक्क्याचा. नेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज ‘ही बाहेरून आलेली आहे’ अशी अदृश्य नोंद ठेवतं. त्यामुळे जुन्या सीएचएम पुस्तिकांची (विंडोजच्या मदत-फाइलींची) अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडचं पान कोरं. तिथे प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ची खूण करायची असते, अर्थात फाइल कुठून आली हे माहीत असेल तर. पण प्रश्नमंजुषेच्या जेसनवर या अनब्लॉकचा काडीचा परिणाम होत नाही, ते कुलूपच वेगळं. तिसरा आजार फ्लॅशचा, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचा. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच मजकूर चालवायला नकार दिला. जुन्या सीड्यांमधले फ्लॅशचे धडे ब्राउझरची कुठलीही सेटिंग जिवंत करणार नाही. चौथा मोबाइलचा: अँड्रॉइडवर फाइल मॅनेजरमधून पान उघडलं की क्रोमला बहुधा त्या एकाच फाइलचा ताबा मिळतो, शेजारचं फोल्डर त्याला दिसतच नाही.

आता मेसेजचं मुख्य औषध, शॉर्टकट. ‘डिसेबल वेब सिक्युरिटी’ हा फ्लॅग, म्हणजे ब्राउझर सुरू करताना त्याला द्यायची खास सूचना, खरा आहे, आणि तो वेब डेव्हलपरांच्या चाचणीसाठी आहे. पण त्याने ‘फक्त आपली फाइल’ मोकळी होत नाही. त्या खिडकीत उघडलेल्या प्रत्येक साइटसाठी ‘एका साइटने दुसरीचं वाचायचं नाही’ हा वरचा नियमच उठतो. एका टॅबमधलं भलतंच पान दुसऱ्या साइटला विनंती पाठवून तिचं उत्तर वाचू शकतं. कुकीचे (साइटने लॉगिन लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदींचे) नवे नियम थोडाफार आडोसा देतात, पण भिंत पाडून आडोशावर कोण राहतं? क्रोम स्वतः वर पट्टी दाखवून सांगतो की हा फ्लॅग स्थैर्याला आणि सुरक्षिततेला मारक आहे. ती पट्टी फुलीवर क्लिक करून घालवायची, असंही मेसेजात आवर्जून लिहिलंय!

शिवाय क्रोम आता हा फ्लॅग स्वतंत्र प्रोफाइल फोल्डर दिल्याशिवाय मानत नाही, म्हणून मेसेजात तोही भाग जोडलेला असतो. त्याचा परिणाम लॅबमध्ये असा होतो. शॉर्टकट बदलला की बुकमार्क गेलेले दिसतात, सेव्ह केलेले पासवर्ड गेलेले दिसतात. ‘अरे, सगळं गेलं’ म्हणत लोक त्याच खिडकीत पुन्हा लॉगिन करतात. मेल, शालार्थ आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी साइटी, बँक. नवं प्रोफाइल रिकामं होतं तोवर निदान चोरण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. डेस्कटॉपवर तोच एक क्रोमचा आयकॉन, आणि दुपारच्या सुट्टीत लिपिकापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्याच्यावरच क्लिक करणार.

याहून अरुंद असा एक फ्लॅग आहे, ‘अलाऊ फाइल ॲक्सेस फ्रॉम फाइल्स’. तो साइटींमधली भिंत पाडत नाही, फक्त फाइलला फाइल वाचू देतो. क्रोमच्या सगळ्या खिडक्या आधी बंद केल्या तरच तो लागू होतो. अडलंच तर पाच मिनिटांसाठी मी तो क्षम्य मानतो, कायमच्या शॉर्टकटमध्ये नाही, कारण त्याने आपण वर सांगितलेलं डाउनलोड फोल्डरचं दार उघडतो. सफारीतली डेव्हलपरांसाठीची लोकल फाइलींवरचे निर्बंध काढायची सोय आणि फायरफॉक्सच्या कॉन्फिग पानावरची सेटिंग ही त्याचीच भावंडं. फायरफॉक्सची तर एकदा बदलली की तशीच राहते, आपण विसरून जातो.

अँटिव्हायरसबद्दल एकच वाक्य पुरे: ही अडवणूक ब्राउझरच्या आत होते, अँटिव्हायरसचा तिच्याशी संबंध नाही.

‘जुन्या ब्राउझरमध्ये सगळं चालायचं.’ इथे स्मरणशक्ती दगा देते. २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, तेव्हापासून इंटरनेट एक्सप्लोररमध्ये डिस्कवरचं पान उघडलं की वर ती पिवळी पट्टी यायची, आणि तिच्यावर क्लिक करून ‘अडवलेला मजकूर चालू द्या’ म्हणावं लागायचं. आपण न वाचता क्लिक करायचो, म्हणून अडवणूक नव्हती असं वाटतं. विंडोज १० वर त्या ब्राउझरचा आधार १५ जून २०२२ ला संपला. आज कुठल्या तरी साइटवरून त्याचा किंवा जुन्या क्रोमचा इन्स्टॉलर उतरवणं म्हणजे एक फाइल उघडण्यासाठी वर्षानुवर्षांची बुजवलेली भोकं परत पाडून घेणं.

राहिला सर्व्हर. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे एसीची खोली आणि भाड्याचं बिल येतं. इथे सर्व्हर म्हणजे त्याच मशीनवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम, जो फोल्डरमधल्या फाइली ब्राउझरला वेबच्या रीतीने देतो. फाइलला मग यजमानाचं नाव मिळतं, लोकलहोस्ट. सगळ्या फाइली एकाच घरच्या ठरतात आणि अडवणूक आपोआप मिटते. नेटची वायर काढून बघा, तरी चालेल.

मशीनवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा असेल तर काही वेगळं टाकावंही लागत नाही. धड्यांचं फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा, म्हणजे काळी खिडकी थेट त्याच फोल्डरात उघडते. तिथे इंग्रजीत पायथन, जागा सोडून डॅश एम, पुन्हा जागा सोडून एचटीटीपी डॉट सर्व्हर लिहा आणि एंटर दाबा. खिडकी उघडी ठेवून ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ८००० असा पत्ता द्या. पाचवीची ती प्रश्नमंजुषा अशीच चालली, मोरासकट. थांबवायला कंट्रोल सी. विंडोज १० वर पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तर ते मशीनवर नाही असं समजायचं. ज्यांच्याकडे झॅम्प (तयार सर्व्हरचा संच) आहे त्यांनी फोल्डर त्याच्या एचटीडॉक्स नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं तरी तेच काम होतं.

दोन पथ्यं मात्र पाळा. सर्व्हर धड्यांच्या फोल्डरातूनच सुरू करा, अख्ख्या डी ड्राइव्हवरून नाही. तो फोल्डरातलं सगळं दाखवतो. आणि पायथनचा हा सर्व्हर मुळात नेटवर्कवरच्या इतर मशीनलाही उत्तर देतो. ते नको असेल तर आदेशाच्या शेवटी डॅश डॅश बाइंड लिहून १२७.०.०.१ हा पत्ता जोडा. हवं असेल तर तीच चैन आहे: फायरवॉलने विचारल्यावर परवानगी दिली की एका मशीनवरचे धडे लॅबमधल्या वीस मशीनवर, पेनड्राइव्ह न फिरवता. फक्त ज्या धड्यांना कॅमेरा किंवा माइक लागतो ते दुसऱ्या मशीनवरून अडतील, कारण साध्या एचटीटीपीवर ब्राउझर ती सवलत लोकलहोस्टलाच देतो.

धडे बनवणाऱ्या शिक्षकांसाठी तर याहून सोपी वाट आहे. प्रश्न जेसनमध्ये ठेवण्याऐवजी जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि ती फाइल स्क्रिप्ट टॅगने जोडा, मॉड्यूल म्हणून नको. मजकूर तोच, पण वाचायला मागायची वेळच येत नाही. डबल क्लिकने चालतं.

ज्यांनी मेसेजप्रमाणे आधीच केलं आहे, त्यांनी त्या खिडकीत जिथे जिथे लॉगिन केलं तिथून लॉगआउट करा. मग क्रोम पूर्ण बंद करून शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’च्या ओळीत दोन डॅशपासून पुढचं सगळं खोडा, आणि तिथे दिलेलं ते वेगळं प्रोफाइल फोल्डरही उडवा, कुकी त्यातच राहिलेल्या असतात. परवा एका लॅबमध्ये मी असे सात शॉर्टकट साफ केले. एकाला कुणीतरी हौसेने नाव दिलं होतं: ‘सुपरफास्ट क्रोम, सर्वांसाठी’.