‘दहा मिनिटांत वायफाय ठणठणीत’ म्हणणाऱ्या मेसेजचे सात उपाय, एकेक करून बघू

गेले काही महिने एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही एकदा तरी येऊन गेला असेल. "घरच्या कंप्युटरवर वायफाय स्लो आहे, सारखं तुटतंय? कुणाला पैसे देऊ नका, हे सात उपाय करा, दहा मिनिटांत ठणठणीत!" आणि खाली सात उपाय. राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून दाबा. सिग्नलच्या दांड्या फुल असतील तर तुमचा दोष नाही, कंपनीच्या लाइनचा आहे. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सेवा) ८.८.८.८ करा, स्पीड डबल. विंडोजने दाबून ठेवलेला २० टक्के स्पीड सोडवून घ्या. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गीगाहर्ट्झ बंद करून फक्त ५ ठेवा. आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद करा. ड्रायव्हर (कंप्युटरमधलं वायफाय चालवणारा प्रोग्राम) अपडेट करा.

माझ्या मावशीने हा मेसेज नुसता पुढे नाही पाठवला, करून बघितला. पहिल्याच उपायाला राउटर कोरा झाला, त्यात भरलेलं कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड उडालं, ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि नेट देणाऱ्यांचा माणूस येईपर्यंत दोन दिवस घरात नेट नाही. त्यात मावसबहिणीची ऑनलाइन परीक्षा. मावशी अजून म्हणते माझंच चुकलं. तिचं काही चुकलेलं नाही, चुकीचं सांगणाऱ्याचं चुकलंय, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

तर ती पिन. त्या भोकातलं बटण रिसेटचं असतं, रिस्टार्टचं नाही, आणि मेसेजमध्ये हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरलेत. रिस्टार्ट म्हणजे राउटरची वीज बंद करायची, अर्धा मिनिट थांबायचं, परत चालू करायची, सेटिंग सगळं जसंच्या तसं राहतं. हे करायला काहीच हरकत नाही, खूपदा उपयोग होतो, कारण दिवसेंदिवस चालू राहिलेला राउटर कधीकधी अडकतो, शिवाय चॅनल, म्हणजे वायफायच्या पट्ट्यातली कुठली गल्ली वापरायची ते, ऑटोवर असेल तर चालू होताना बरेच राउटर नव्याने चॅनल निवडतात. रिसेट म्हणजे फॅक्टरीतून आला तसा कोरा. वायफायचं नाव, पासवर्ड, कनेक्शनचं लॉगिन, सगळं गेलं. काही राउटर ते लॉगिन कंपनीकडून आपोआप परत घेतात, पण तुमचा त्यातला आहे का हे दाबल्यावर कळून उपयोग नाही. ते लॉगिन लिहिलेलं हातात असल्याशिवाय त्या भोकाकडे जाऊच नका. आणि दुसरं म्हणजे बिघाड नेमका कुठे होता ते शोधायच्या आधीच तुम्ही सगळं पुसून टाकता, मग नंतर तो सापडत नाही.

बिघाड कुठे आहे हा प्रश्न त्या अख्ख्या मेसेजमध्ये एकदाही विचारलेला नाही, माझा मुख्य आक्षेप तोच आहे. कंप्युटर ते राउटर हा एक टप्पा, राउटर ते बाहेरचं इंटरनेट हा दुसरा. दोन्हीचे आजार वेगळे, उपाय वेगळे. आणि कुठला टप्पा आजारी आहे हे बघायला पाच मिनिटं लागतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा, आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा. त्यात ‘डीफॉल्ट गेटवे’ समोर जो नंबर दिसतो तो राउटरचा, बहुतेक घरी १९२.१६८ ने सुरू होतो. तुमच्या स्वतःच्या पत्त्याची सुरुवात १६९.२५४ ने होत असेल तर तिथेच थांबा, त्याचा अर्थ राउटरने कंप्युटरला पत्ताच दिलेला नाही, कंप्युटरने स्वतःच एक ठरवून घेतलाय, आणि अशा वेळी डीएनएस-बीएनएस बदलून काही होणार नाही. पत्ता बरोबर असेल तर पिंग (ping, म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणं) लिहून स्पेस देऊन तो गेटवेचा नंबर टाका, शेवटी डॅश टी (-t) लावलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. वायफाय ठीक असेल तर उत्तर सहसा १० मिलीसेकंदांच्या आत येत राहतं. मध्येच २००, ४००, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असं दिसलं तर बिघाड घरातल्या हवेत किंवा कंप्युटरमध्ये आहे, कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. राउटरचं उत्तर मस्त येतंय पण बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ ला केलेलं पिंग बुडतंय, तर राउटरच्या पलीकडे शोधा, बहुतेक वेळा लाइनच निघते. दोन्ही ठीक आणि तरी साइट नावाने उघडत नाही, तर आणि तरच डीएनएसवर संशय घ्या. (काही मोजके राउटर पिंगला उत्तर देतच नाहीत, तसं असेल तर राउटरचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये झटकन उघडतंय का बघा.)

आता दांड्या. ‘फुल दांड्या म्हणजे वायफाय चांगलं’ हा समज इतका पक्का बसलाय की त्यावर जरा थांबायलाच हवं. दांड्या सांगतात फक्त एवढंच की राउटरचा आवाज कंप्युटरला किती मोठ्याने ऐकू येतोय. कंप्युटरचा आवाज राउटरपर्यंत पोचतोय का हे त्या सांगत नाहीत, आणि त्याच हवेत अजून किती जण बोलतायत हेही नाही. भरलेल्या सभागृहात स्टेजवरचा माइक तुम्हाला खणखणीत ऐकू येतो, पण तुम्ही मागच्या रांगेतून काही विचारलं तर ते स्टेजपर्यंत जाईल का? तसंच आहे हे. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं, आणि त्या चॅनलवर शेजारच्यांचे राउटर असतील तर त्यांच्यासाठीही थांबायचं. त्यामुळे फुल दांड्या असून व्हिडिओ अडकतो यात आश्चर्य काहीच नाही.

२.४ गीगाहर्ट्झमध्ये तर फारच दाटी. चॅनल बहुतेक देशांत १ ते १३, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि वायफायच्या सिग्नलला कमीत कमी २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते, म्हणून एकमेकांवर न चढणारे म्हणून सहसा तीनच चॅनल वापरतात, १, ६ आणि ११. बरेच जण अ‍ॅपमध्ये बघतात की ३ नंबर रिकामा दिसतोय, म्हणून राउटर ३ वर टाकतात, आणि मग वाटतं आता झालं. उलटं होतं! १ वर असता तर तिथल्या राउटरांचं बोलणं तुमच्या राउटरला नीट समजलं असतं, सगळ्यांनी आळीपाळीने बोलून घेतलं असतं. ३ वर १ वाल्यांचाही कचरा येतो आणि ६ वाल्यांचाही, आणि तो नुसता गोंगाट म्हणून येतो. गर्दी असली तरी १, ६, ११ मधलाच त्यातल्या त्यात मोकळा घ्या, आणि २.४ ची चॅनल रुंदी ४० वर असेल तर २० करा. ४० ठेवली की जवळजवळ अर्धा पट्टा एकटा तुमचा राउटर अडवतो आणि तेवढ्या जास्त शेजाऱ्यांशी टक्कर होते. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ च्या आसपासच चालतो, ब्लूटूथचे ७९ चॅनल त्याच पट्ट्यात. ठरावीक वेळीच वायफाय बसत असेल तर आधी त्या वेळी घरात काय चालू असतं ते बघा.

नुसत्या दांड्यांपेक्षा खरा आकडा हवा असेल तर विंडोजमध्ये नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (netsh wlan show interfaces) ही कमांड आहे, त्यात सिग्नल टक्क्यांत येतो, चॅनल येतो, आणि रिसीव्ह व ट्रान्समिटचा रेट वेगवेगळा येतो. तो रेट बघाच. कंप्युटरमधला वायफाय पकडणारा भाग म्हणजे अ‍ॅडॅप्टर; जुना एका अँटेनाचा अ‍ॅडॅप्टर २० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसला जोडतो, त्यातले हातात साधारण अर्धे ते दोन तृतीयांश पडतात. मग तुमचं कनेक्शन १०० चं असो की ३०० चं, त्या कंप्युटरवर ४०-४५ च दिसणार, आणि कंपनीशी भांडून ते वाढणार नाही.

डीएनएसनेही स्पीड डबल होणं शक्यच नाही. डीएनएस साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देतं, तेवढंच त्याचं काम. फाइल किंवा व्हिडिओ त्यातून येत नाही. कंपनीचा डीएनएस मंद किंवा बंद पडलेला असेल तर पान उघडायला सुरुवातीला वेळ लागतो, तेव्हा २००९ साली आलेला गूगलचा ८.८.८.८ किंवा २०१८ सालचा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाकून फरक नक्की पडतो, मी स्वतः वापरतो. पण एकदा नंबर कळला की कंप्युटर तो काही काळ लक्षात ठेवतो आणि डाउनलोड आहे त्याच वेगाने होतं. उलट काही मोठ्या साइट्स तुम्हाला जवळचा सर्व्हर देताना तुमचा डीएनएस कुठला आहे ते बघतात, त्यामुळे बदल केल्यावर कधीकधी लांबचा सर्व्हर पदरात पडतो. बदला, पण जुनं सेटिंग लिहून ठेवून.

२० टक्केवाली गोष्ट विंडोज एक्सपीच्या काळापासून फिरतेय, म्हणजे वीस वर्षांहून जुनी. ग्रुप पॉलिसीमध्ये (विंडोजच्या आतल्या नियमांच्या यादीत) ‘लिमिट रिझर्व्हेबल बँडविड्थ’ नावाचं सेटिंग खरंच आहे, आणि एक्सपीत तिथे २० हा आकडाही होता, म्हणून लोकांना पटतं. पण ते राखीव कधी होतं, तर एखाद्या प्रोग्रामने तशी खास मागणी केली तर. कुणी मागितलं नाही तर सगळा स्पीड सगळ्यांना. मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या वेळीच हे खुलासा करून सांगितलेलं आहे. वर विंडोजच्या होम आवृत्तीत तो ग्रुप पॉलिसी एडिटर मुळात नसतोच, त्यामुळे लोक तो मिळवायला कुठल्याही साइटवरून काहीही डाउनलोड करतात, आणि मला खरी भीती त्याची वाटते.

५ गीगाहर्ट्झचा सल्ला अर्धा बरोबर आहे. तिथे चॅनल भरपूर, गर्दी कमी, राउटरच्याच खोलीत असाल तर बिनधास्त तेच वापरा. पण भिंतींतून ते कमी जातं, दोन भिंती पलीकडच्या कंप्युटरला २.४ च आधार असतो, आणि जुन्या बऱ्याच अ‍ॅडॅप्टरना, प्रिंटरना ५ दिसतच नाही, त्यामुळे २.४ बंद केलं की ते बिचारे घराबाहेर. अजून एक, ५ मधले ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. त्यावर बोलण्याआधी राउटरला निदान ६० सेकंद गप्प राहून ऐकावं लागतं, आणि मध्येच रडार जाणवलं तर चॅनल सोडावा लागतो. ५ चं नेटवर्क अधूनमधून एकदम गायब होऊन एखाद मिनिटाने परत येत असेल तर हे कारण असू शकतं, राउटरमध्ये चॅनल ३६ ते ४८ मधला ठेवून बघा.

आयपीव्ही६ बंद करू नका. ते बंद करायची शिफारस आम्ही करत नाही असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं, आणि आजचे ब्राउझर नवा आणि जुना दोन्ही रस्ते जवळजवळ एकदमच चाचपून जो आधी लागेल तो घेतात. तासाभरासाठी बंद करून फरक पडतो का बघायला हरकत नाही, पण नसेल पडला तर परत चालू करा.

ड्रायव्हरचा सातवा मुद्दा मात्र बरोबर आहे, फक्त अपुरा. ड्रायव्हर कंप्युटर किंवा अ‍ॅडॅप्टर बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या, ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिळणाऱ्या फुकट प्रोग्रामांतून नाही. आणि नेमकं अपडेटनंतरच वायफाय बिघडलं असेल तर पुढे जाऊ नका, मागे या, डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं. तिथेच शेजारी पॉवर मॅनेजमेंट टॅब दिसत असेल तर ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची जी टिक आहे ती काढा. कंप्युटर झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होत असेल तर सगळ्यात आधी मी हीच टिक बघतो. मेसेजमध्ये हिचा उल्लेखही नाही.

मावशीकडे खरं काय होतं तेही सांगतो. नेट परत आल्यावर मी गेलो, गेटवेला पिंग लावलं, सगळं छान, ४-५ मिलीसेकंद. वाटलं आता काही सापडत नाही. मग तिने फोटोंच्या बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि पिंग एकदम बुडायला लागलं, डिस्क काढली की परत ठीक. कंप्युटर टेबलाखाली, वायफायचा छोटा यूएसबी अ‍ॅडॅप्टर मागच्या बाजूला, आणि त्याला खेटून त्या डिस्कची यूएसबी ३ ची केबल. यूएसबी ३ चा डेटा चालू असताना २.४ गीगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो, इंटेलने २०१२ सालीच याच्यावर पेपर काढलाय. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून अ‍ॅडॅप्टर टेबलावर आणून ठेवला. डिस्क चालू ठेवून पिंग दहा मिनिटं सोडलं, एकही बुडलं नाही, आणि मावशीने तिथेच उभं राहून वायरवर चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘ही काढू नये’.